आदर्श लंबक

शाळेत फिजिक्स शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘नगण्य’ म्हणत. यात अपमानाचा हेतू नव्हता. सर प्रत्येक गणिताची सुरुवात ‘घर्षण नगण्य मानू’ अशी करत. पुढे हवेचा विरोध नगण्य होई, दोरीचं वजन नगण्य होई, आणि पालकसभेत एकदा तर त्यांनी पालकांच्या तक्रारीही याच शब्दात निकालात काढल्या होत्या. इतकं सगळं वजा केल्यावर जे उरतं त्याला सर फिजिक्स म्हणत.

त्या वर्षी वरून हुकूम आला की मोठ्या वर्गांना फिजिक्स यापुढे प्रोग्रॅमिंग आणि सिम्युलेशनमधून शिकवायचं. कल्पना मुळात चांगली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नव्हता. मुलांनी निसर्गाचा नियम स्वतः प्रोग्रॅममध्ये लिहायचा, पडद्यावर लंबक हलवायचा, आणि तो चुकीचा हलला तर का चुकला ते शोधून काढायचं. यातला ‘चुकला तर’ हा भाग शाळेच्या पचनी पडण्यासारखा नव्हता. म्हणून हुकूम काढणाऱ्या तज्ज्ञांनी सोबत एक आदर्श प्रोग्रॅमच पाठवला. मुलांनी तो जसाच्या तसा टाइप करायचा. चुकायची सोयच ठेवली नाही म्हटल्यावर शोधायचा त्रासही वाचला.

शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला तज्ज्ञ स्वतः आले. गळ्यात ओळखपत्र, हातात लेझरचा दिवा, आणि ‘क्रांती’ हा शब्द जिभेवर कायमचा मुक्कामाला आलेला. प्रशिक्षणाचा पहिला तास प्रोजेक्टरची वायर शोधण्यात गेला आणि दुसरा तास ती कुठे लावायची यावर मतभेद होण्यात. तिसऱ्या तासाला तज्ज्ञांनी भिंतीवर लाल ठिपका फिरवत सांगितलं की यापुढे मुलं पाठ करणार नाहीत, विचार करतील.

नगण्य सरांनी हात वर केला. “हे मार्कांना आहे का?”

“आहे.”

“मग करतील,” सर म्हणाले आणि हात खाली घेतला.

आता प्रश्न होता हे शिकवायचं कोणी. नगण्य सरांचं म्हणणं, प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चालतो, म्हणजे तो कॉम्प्युटरच्या सरांचा विषय. कॉम्प्युटरचे सर वयाने लहान असले तरी कच्चे नव्हते. ते म्हणाले, प्रोग्रॅममध्ये लंबक आहे, लंबक काही माझ्या डिग्रीत नव्हता. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाद मिटवण्यात तरबेज होत्या. शाळेत एका डस्टरची मालकी ठरवायलाही त्यांनी समिती नेमली होती. त्यांनी काम वाटून दिलं. प्रोग्रॅम सुरू होतो की नाही हे कॉम्प्युटरच्या सरांनी बघायचं. उत्तर आदर्श उत्तराशी जुळतं की नाही हे नगण्य सरांनी बघायचं. उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणी बघायचं, हा मुद्दा वाटणीत आलाच नाही. तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

कॉम्प्युटरची खोली तळमजल्यावर होती. तिथे एसी होता. तो मुलांसाठी नव्हता, यंत्रांसाठी होता, हे दारावर लिहिलेलंच होतं. पहिल्या तासाला वर्गाने प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवून घेतला: उजव्या पानावर निळ्या शाईने ओळी, डाव्या पानावर पेन्सिलने कॉम्प्युटरची आकृती, उंदराच्या शेपटीसकट. ज्यांची आकृती वाकडी आली त्यांना ती पुन्हा काढायला लावली. मग एकदाचा तो प्रोग्रॅम टाइप झाला आणि पडद्यांवर लंबक हलू लागले.

पहिला झोका साधा होता. दुसरा जरा मोठा झाला. मग आणखी मोठा, मग दोरी पार आडवी झाली, आणि थोड्या वेळाने सगळ्या पडद्यांवरचे सगळे लंबक आपापल्या खिळ्याभोवती पंख्यासारखे गरागरा फिरायला लागले. वर्ग खूश झाला. फिजिक्सच्या तासाला इतकी हालचाल कोणी कधी बघितली नव्हती.

“सर, हा वर का चाललाय?” एकाने विचारलं.

नगण्य सर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्यांच्याजवळ असलेलं एकुलतं एक कारण पुढे केलं. “घर्षण नगण्य मानलंय ना आपण. अडवणारं कोणी नाही. मग वाढत जाणारच.”

“म्हणजे माझ्यासारखं,” मागच्या बाकावरून आवाज आला. “घरी कोणी अडवत नाही, म्हणून वाढलोय.”

वर्ग हसला, सरही हसले, आणि ते कारण तिथल्या तिथे मान्य झालं. पुढे ते वह्यांमध्ये गेलं, वह्यांमधून गाइडमध्ये गेलं, आणि सहामाही परीक्षेत चक्क प्रश्न आला: ‘सिम्युलेशनमधील लंबकाचा झोका वाढत का जातो? कोणतीही दोन कारणे लिहा.’ दुसरं कारण गाइडवाल्यांनी शोधलं. संगणकाचा वेग मानवापेक्षा जास्त असतो, म्हणून.

वर्गात एक मुलगी होती. तिला मुलं ‘शंका’ म्हणत, कारण ती बोलायला उभी राहिली की पहिलं वाक्य ‘सर, एक शंका आहे’ हेच असे. या शब्दाच्या आधी मुलं काय जोडत हे सांगायची गरज नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला पुढे सायन्सला जायचं होतं. दुसरं काही करण्याचा विचार तिने कधी केला नव्हता आणि तिच्या आईनेही तिला करायला लावला नव्हता. आई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. दिवसभर लोकांच्या चुका शेजारच्या सीटवर बसून सोसायच्या, हा तिचा धंदा होता.

“सर, एक शंका आहे,” शंका म्हणाली. “घर्षण नसेल तर झोका तेवढाच राहील ना? कमी होणार नाही, हे कळलं. पण वाढायला कोणीतरी ढकलायला पाहिजे. कोण ढकलतंय?”

नगण्य सर म्हणाले, “हे खालच्या सरांना विचार. पडदा त्यांचा आहे.”

खालच्या सरांनी विचारलं, “एरर येतोय का?”

“नाही.”

“रन होतोय?”

“होतोय, पण चुकीचं…”

“रन होतोय म्हणजे माझ्याकडून क्लिअर आहे. बाकी फिजिक्स. वर जा.”

काही दिवस ती अशी दोन मजल्यांच्या मध्ये झोके घेत राहिली. तिचा झोका मात्र वाढत नव्हता. नुसते पाय दुखत होते. शेवटी तिने दोघांचा नाद सोडला. घरी खिडकीच्या गजाला बुटाची लेस बांधली, लेसला खोडरबर बांधलं, आणि जेवायला हाक येईपर्यंत त्याला झोके दिले. एकदाही ते आधीपेक्षा वर चढलं नाही.

“काय चाललंय हे?” आईने विचारलं.

“बघतेय वाढतं का.”

“कुठलं खोडरबर वाढतं गं?”

“शाळेतलं,” शंका म्हणाली.

मग तिने प्रोग्रॅमच्या ओळी कागदावर एकेक करून स्वतः चालवल्या, आधी ही, मग ती, जशा यंत्र चालवतं तशा. कारण सापडलं. आदर्श प्रोग्रॅम वेळेच्या प्रत्येक छोट्या पावलाला लंबक आधी जुन्या वेगाने पुढे सरकवायचा आणि त्यानंतर, सरकण्याआधीच्या जागेवरून काढलेल्या ओढीने, त्याचा वेग बदलायचा. म्हणजे दर पावलाला लंबक शिळ्या वेगावर चालायचा आणि दर वेळी थोडा जास्त पुढे जायचा. तिने त्या दोन ओळींची अदलाबदल केली. आधी नवा वेग, मग त्या वेगाने सरकणं. तिचा लंबक शहाण्यासारखा जेवढ्यास तेवढा झुलायला लागला. एवढंच करायचं होतं. यासाठी कोणाची क्रांती लागली नाही.

वर्षाअखेरीची प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला तज्ज्ञ स्वतः परीक्षक म्हणून आले. त्यांची तपासायची पद्धत आधुनिक होती. आदर्श प्रोग्रॅमचा आलेख त्यांनी पारदर्शक कागदावर छापून आणला होता. तो प्रत्येकाच्या आलेखावर ठेवायचा आणि खिडकीच्या उजेडात धरायचा. रेघ रेघेवर बसली की पास. सगळ्यांच्या रेघा बसल्या, फुगत फुगत वर गेलेल्या. शंकाची बसली नाही. तिची रेघ न फुगणारी, एकसारख्या लाटांची होती. तज्ज्ञांनी कागद दोनदा फिरवून पाहिला, एकदा उलटाही ठेवला, आणि शेवटी शेरा मारला: ‘जुळत नाही.’ प्रॅक्टिकलमध्ये नापास.

प्रॅक्टिकलमध्ये नापास झालेल्याला पुढे सायन्सला प्रवेश नाही, असा शाळेचा नियम होता. प्रवेशाची यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकाची आई शाळेत आली. सोबत शंका होती. तज्ज्ञ अजून गावातच होते, कारण मोठ्या बाईंनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं होतं. त्यामुळे बाईंच्या खोलीत आपोआपच बैठक भरली. टेबलावर काच, काचेखाली जुने फोटो, कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, ज्याच्यावर बाई वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत.

“बसा,” बाई म्हणाल्या. “मुलगी हुशार आहे, आम्हाला माहीत आहे. पण सूचना पाळत नाही.”

“कुठली सूचना?”

“आदर्श प्रोग्रॅम जसाच्या तसा लिहायचा होता.”

“तो चुकीचा आहे म्हणतेय ती.”

तज्ज्ञ हसले, मोठ्या मनाने. “ताई, हाच प्रोग्रॅम किती शाळांमध्ये चालतो माहितीये? सगळीकडे हेच उत्तर येतं. सगळीकडे. आता इतक्या ठिकाणी एकच उत्तर येतंय, म्हणजे त्यात काही तथ्य असेल ना?”

“सगळ्यांनी एकच कागद उतरवला तर दुसरं काय येणार,” आई म्हणाली. “माझ्याकडे शिकणारे सगळे पहिल्या दिवशी एकाच खांबाला गाडी घासतात. म्हणून तो रस्ता होत नाही.”

कॉम्प्युटरच्या सरांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं.

“मी दाखवू का?” शंका म्हणाली. तिने पिशवीतून लेस आणि खोडरबर काढलं, बाईंच्या परवानगीची वाट न बघता लेस कपाटाच्या मुठीला अडकवली आणि झोका दिला. सगळे बघत राहिले. खोडरबर झुललं, झुलत राहिलं, हळूहळू मंद होत थांबलं.

“बघा,” तज्ज्ञ म्हणाले. “हे थांबलं. हिचा पडद्यावरचा लंबक थांबत नाही. म्हणजे हिचाही चूकच.”

“हे घर्षणामुळे थांबलं. माझ्यात घर्षण नाही. म्हणून तो थांबत नाही आणि वाढतही नाही. तुमच्यात घर्षण नाही आणि वाढतो. न ढकलता.”

“प्रत्यक्षात अशा अडचणी येतातच,” तज्ज्ञ म्हणाले. “म्हणून तर सिम्युलेशन करायचं. प्रत्यक्ष गोष्टींवर किती दिवस अवलंबून राहणार?”

मोठ्या बाईंना हे वाक्य आवडलं. त्यांनी ते जवळच्या पॅडवर लिहून घेतलं, वार्षिक अहवालासाठी. मग खोडरबराकडे बघून म्हणाल्या, “आणि हे जुनं दिसतंय.”

आई नगण्य सरांकडे वळली. “सर, तुम्ही काहीच बोलत नाही. तुम्ही फिजिक्सचे ना?”

नगण्य सर खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर, वर्षानुवर्षं वापरात नसलेली खिडकी उघडताना येतो तसा ताण आला. “ती म्हणते ते बरोबर आहे,” ते म्हणाले. “झोका वाढायला नको. मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं.”

बाईंनी हातातलं पेन पॅडवर ठेवलं.

“मग बोलला का नाहीत?” बाईंनी विचारलं.

“मला वाटलं, कॉम्प्युटरमध्ये असं होत असेल. यांना माहीत असेल म्हटलं.” सरांनी कॉम्प्युटरच्या सरांकडे बोट केलं.

“मला?” कॉम्प्युटरचे सर म्हणाले. “मला पण वाटलं होतं काहीतरी गडबड आहे. पण म्हटलं, फिजिक्समध्ये होत असेल असं. तुमच्याकडे प्रकाशही वाकतो म्हणे.”

“तो वेगळा विषय आहे.”

“मला काय माहीत, सर. माझ्याकडे रन होत होतं.”

मग सगळ्यांनी तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञ कपातल्या चहाकडे बघत होते. “प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही,” ते शेवटी म्हणाले. “मी तो मंजूर केलाय. मंजूर करताना हे दोन्ही विषयांचे शिक्षक बघतीलच, असं गृहीत धरलं होतं.”

“माझ्या गाडीत दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असतो,” आई म्हणाली. “इथे तिघं बसलेत आणि तिघांनाही वाटतंय की ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली आहे. बरं झालं तुम्ही शाळेत आहात. रस्त्यावर असतात तर कठीण होतं.”

बाई तर आधीच पुढच्या अडचणीकडे पोहोचल्या होत्या. वाद मिटवणाऱ्या माणसाला खरं काय हे फार वेळ बघत बसून चालत नाही.

“समजा,” त्या म्हणाल्या, “समजा हिचं बरोबर. मग बाकीच्या सगळ्यांचं चूक.”

“हो,” शंका म्हणाली.

“म्हणजे सगळा वर्ग नापास. निकाल लागलाय, बोर्डावर लागलाय, घरोघरी फोन गेलेत. आता तो फिरवायचा का? एकीसाठी?”

“आणि दुसऱ्या शाळा,” तज्ज्ञ घाईने म्हणाले. “तिकडेही…”

“तेच. म्हणजे यंदापुरता आदर्श प्रोग्रॅम बरोबर धरावा लागेल.” बाईंनी दोन्ही हात काचेवर ठेवले. “पुढच्या वर्षी आपण दुरुस्ती करू. साहेब, करता येईल ना?”

“अर्थात. सुधारित आवृत्ती काढू. विद्यार्थिनीचा उल्लेख वगैरे… बघू.”

“मग माझं काय?” शंकाने विचारलं.

बाईंनी आवाज मऊ केला. “अगं, अगदी सोपं आहे. हा कॉम्प्युटर आहे, खालच्या खोलीतली तुझी फाइल यावरही उघडते. तुझ्या त्या दोन ओळी होत्या तशा कर, आलेख छाप, साहेब इथेच आहेत, इथेच तपासतील. जुळला की पास. संध्याकाळच्या यादीत तुझं नाव. कोणाला कळणारही नाही.”

“नाहीतर?”

“नाहीतर नियम आहेच. मी एकटी काय करणार?”

शंकाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “मी शेजारी बसलेय. स्टिअरिंग तुझ्या हातात आहे. कुठेही वळलीस तरी मी काही म्हणणार नाही.”

नगण्य सरांना वाटलं की मुलगी आता रडेल, किंवा बाणेदारपणे उठून जाईल. तशी ती गेली असती तर आपण काय केलं असतं, याचा त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या थोडा विचारही केला. आपण तिच्या मागून गेलो असतो, राजीनामा दिला असता, अशी काही चित्रं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. पेन्शनचं चित्र आलं तशी बाकीची चित्रं थांबली.

शंका उठली आणि बाईंच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. पडद्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे होते. ते तिने बंद केले. बोटं थांबली नाहीत, चेहऱ्यावर रागही नव्हता; ज्यांच्याकडून आता काही घेण्यासारखं उरलेलं नाही अशांसमोर काम उरकताना असतो तसा चेहरा होता. वेग खाली गेला, सरकणं वर आलं. लंबक वाढत वाढत गेला आणि गरागरा फिरू लागला. प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर आला. तज्ज्ञांनी बॅगेतून पारदर्शक कागद काढला, तिच्या आलेखावर ठेवला आणि खिडकीकडे धरला.

“बसतोय,” ते म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. “बघा, प्रयत्न केला की जमतं.”

“खाली कारण लिहायचंय,” कॉम्प्युटरचे सर म्हणाले. “झोका का वाढतो. दोन कारणं. नमुन्यात आहे तसं.”

शंकाने दोन्ही कारणं लिहिली. दुसरं लिहिताना ती किंचित थांबली. ते तिला पटत नव्हतं म्हणून नव्हे. गाइडमधले शब्द नेमके आठवत नव्हते. बाईंनी सांगितले. तज्ज्ञांनी सही केली, बाईंनी शिक्का मारला, आणि बाईंनी फोन उचलून यादीत एक नाव वाढवायला सांगितलं. त्या सायन्सच्या यादीत ते नाव सगळ्यात शेवटी आलं, पण आलं.

मायलेकी बाहेर पडल्या. आईचा पुढचा विद्यार्थी फाटकाशी गाडीजवळ उभा होता, हातात किल्ली घेऊन, चेहरा पांढरा पडलेला. नगण्य सर मागून जवळजवळ धावत आले.

“तुझा तो… बरोबर असलेला प्रोग्रॅम,” ते म्हणाले. “ठेवलायस ना कुठे?”

“नाही. त्याच फाइलमध्ये बदल केला ना आत्ता.”

“म्हणजे गेला?”

“दोनच ओळी आहेत, सर. माझ्या लक्षात आहेत.”

सर मान हलवत उभे राहिले. आईने घड्याळ पाहिलं. सरांनी इकडेतिकडे बघितलं, व्हरांड्यात कोणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली घेतला.

“कुठल्या दोन?”

शंकाने त्यांना समजावून सांगितलं. जुना वेग, नवा वेग, आधी काय आणि नंतर काय, आणि उलट केलं तर दर पावलाला थोडं थोडं फुकटचं कुठून येतं. हवेत बोटाने झोका काढून दाखवला. सर लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच एकदा त्यांची नजर फाटकाकडे गेली, परत आली.

“समजलं का, सर?” तिने विचारलं.

“समजलं,” सर म्हणाले. वर्गात मुलं म्हणतात, अगदी तसंच.